सांजपट्टा : एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, अंबाजोगाई

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी वही काढली. नाव तूर्तास 'सांजपट्टा'. विज्ञान कादंबरी. एका ओळीत सांगायचं तर मरत चाललेला एक ग्रह, त्यावर राही नावाची बाई, सोपान नावाचा गडी आणि दोघांचं न झालेलं लग्न.

पहिला प्रश्न ग्रहाच्या मरणाचा. उल्का पाडली किंवा युद्ध लावलं की लेखकाचं काम हलकं होतं, पण मग सगळी पानं पळापळीत संपतात आणि विरहाला जागा उरत नाही. मला पाहिजे त्या मरणात बाजार भरतो, जावळं निघतात, बांधावरून भाऊबंदकीचे दावे चालतात आणि पाणी तेवढं दरसाल थोडं खाली जातं. मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

२० ऑक्टोबर

खगोलशास्त्र आधी उरकते, नाहीतर पुढं प्रत्येक प्रकरणात आडवं येईल. तारा लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा बराच लहान आणि मंद, लालसर. नमुना म्हणून प्रॉक्सिमा सेंटॉरी घेतला. आपल्यापासून ४.२४ प्रकाशवर्षं दूर, आणि त्याच्याभोवतीचा ग्रह २०१६ साली सापडला. त्या ग्रहाचं वर्ष अवघं ११.२ दिवसांचं. ताऱ्याला इतक्या लगटून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडं राहते, चंद्राची आपल्याकडं राहते तशी. म्हणजे अर्धा ग्रह सदा उन्हात, अर्धा सदा अंधारात, आणि मधोमध संधिप्रकाशाचा पट्टा. माणसं तिथं राहणार.

मरणाचं कारणही यातच सापडलं. उजेडाकडची वाफ वाऱ्याबरोबर अंधाराकडं जाते, तिथं बर्फ होऊन पडते आणि अडकून बसते. ग्रहाच्या पोटात ऊब आहे तोवर बर्फाचे थर तळाशी वितळतात, सरकतात आणि पाणी परत पट्ट्यात येतं. पोट थंड पडत गेलं की येणं कमी होत जातं, जाणं मात्र चालूच. एकूण पाणी तेवढंच राहतं, पण ते वरच्या अंगाला अडकलेलं. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद ज्यानं ऐकलाय त्याला हे पटकन कळेल. कादंबरीत मात्र त्याचा इशाराही द्यायचा नाही. वाचकाचं वाचकाला आठवू दे.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या भरून निघाल्या. गाळप हंगाम १५ तारखेपासून. धारूरच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत चुली, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरं.

सोपान अंधाराकडं बर्फ तोडायला जाणार हे आज पक्कं झालं. बर्फतोड. टोळी, मुकादम, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), फड (तोडीचं रान), कोपी (तात्पुरती झोपडी), खाडा (काम चुकल्याची कपात) हे सगळं जसंच्या तसं उचलून तिकडं न्यायचं. मोळीच्या जागी फक्त लादी येईल. परग्रह म्हणून नवीन शब्द घडवत बसायचं नाही. मला विज्ञानकथेतल्या घडीव नावांचा कंटाळा आहे. पात्राचं नाव झोर्क ठेवलं की त्याला भूकच लागत नाही.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी धारूर तालुक्यातल्या. उभं आयुष्य फडात गेलं, आता गुडघे गेले म्हणून इथं. मुलगा-सून जातात. त्यांना विचारलं, एकटा पोरगा जाऊ शकतो का हो टोळीत?

"एकट्याला कोण उचल देतंय मॅडम? कोयता म्हंजी नवरा-बायको दोघं मिळून. अर्ध्या कोयत्याला मुकादम त्वांड वाकडं करतोय. मंग काय, पोराचं लगीन लावायचं अन् गाडीत बसवायचं. बीडकडं गेटकेन लग्नं हुतेत ती ह्याच्यापायीच. कारखान्याच्या गेटावरच अक्षता."

मी भांडी पुसायची सोडून वही आणायला पळाले. सोपान आणि राही का दुरावतात याचं उत्तर आयतंच हातात आलं. कर्ज फिटायला उचल पाहिजे, उचल पाहिजे तर जोडी पाहिजे, आणि राहीला गावातली विहीर सोडता येत नाही. मग सोपानसाठी मुकादमच दुसरी पोरगी शोधतो. कुणी दगा देत नाही, कुणी रागावत नाही, लग्न चार तासांत लागतं.

१ डिसेंबर

राही विहीर का सोडू शकत नाही? तर ती पाण्याची पातळी मोजते.

हे काम मी जवळून पाहिलेलं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा घेतात. कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून टेप खाली सोडायची. टेप पाण्याला टेकली की हाताला ओढ किंचित हलकी लागते. आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची, आणि जमिनीपासून पाणी किती खाली ते लिहायचं. आमच्या विद्यार्थ्यांना हे दाखवायला नेलं की पोरं कंटाळतात. माझं मात्र त्या टेपेकडं बघत मन भरत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच थोडी. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या भेगा, यांत जे मावेल ते. राहीच्या विहिरीचा खडक मी हाच ठेवलाय.

राहीच्या आधी तिची आई मोजायची, तिच्या आधी तिची आई. नोंदवही एकच. तीन-चार पिढ्यांची अक्षरं.

८ डिसेंबर

आठवडाभर डोक्यात जे अडकलं होतं ते आज मोकळं झालं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

कादंबरीची खरी अडचण दोन काळांची आहे. ग्रह मरायला कोट्यवधी वर्षं घेतो. प्रेम एका हंगामात जातं. कोणाही एका माणसाला ग्रह मरताना दिसत नाही. त्याला दिसते ती एका उन्हाळ्याची विहीर. मग दोन्ही गोष्टी एकाच पानावर आणायच्या कशा? 'जग मरत होतं आणि तिचं मनही' असली वाक्यं लिहिली की दोन्ही खोटी होतात. जग तिच्या दुःखासाठी मरत नाही. सोपान गेला नसता तरी पाणी तितकंच खाली गेलं असतं, आणि राहीला हे आकड्यांत ठाऊक आहे.

नोंदवहीत दोन्ही काळ बसतात. सरकारी रजिस्टरला शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात नव्वद टक्के वेळा 'निरंक' लिहिलेलं असतं. सोपान लग्नाआधी राहीला मापं घ्यायला मदत करायचा. ती आकडा सांगायची, तो लिहायचा, आणि शेऱ्याच्या रकान्यात निरंकऐवजी काहीबाही खरडायचा. 'वारा अंधाराकडून.' 'टेप भिजली, मोजणारी चिडली.' 'आज खाली पाणी नाही, राहीचं तोंड दिसलं.' तो गेल्यावर अक्षर बदलतं आणि शेरा पुन्हा निरंक होतो. आकडे आपले उतरत राहतात.

आता प्रत्येक प्रकरण एका नोंदीनं सुरू करायचं. पातळी, शेरा, मग मजकूर.

११ जानेवारी २०२५

दिनदर्शिकेचं काम. कक्षा पूर्ण गोल ठेवली तर पट्ट्यातल्या माणसाला तारा क्षितिजावर खिळलेला दिसेल, ना उगवणं ना मावळणं. पण कक्षा जराशी लंबगोल असेल तर तारा डुलतो. चंद्र असाच डुलतो म्हणून तर त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला आलटूनपालटून दिसतो. विकेंद्रता, म्हणजे कक्षेच्या लंबगोलपणाचं माप, ०.०५ धरून गणित मांडलं: दोन्ही बाजूंना साधारण पावणेसहा अंश. ग्रह पृथ्वीएवढा घेतला तर विषुववृत्तावर सुमारे १२७० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तारा वर्षातून एकदा उगवतो आणि एकदा मावळतो. आणि वर्ष म्हणजे आपले अकरा दिवस.

राहीचं गाव पट्ट्याच्या अंधाराकडच्या कडेला. तिथं तारा वर्षातून थोडा वेळ डोकं काढतो आणि बुडतो. फडात तेवढंही नाही. पृथ्वीच्या हिशेबानं चोवीस-पंचविशीतली राही तिकडं आठशे वर्षांची भरते. सोपान जाताना म्हणतो, तीस वर्षांत येतो. ही थट्टा नाही, आपले अकरा महिनेच होतात. पण 'तीस वर्षांत येतो' हे मराठीत वाचणाऱ्याच्या पोटात जे होईल ते होऊ द्यायचं. तळटीप देणार नाही.

२ फेब्रुवारी

ग्रहाचं पोट गरम असणं म्हणजे जमीन हलणं. तेव्हा या लोकांना भूकंप म्हणजे शुभशकुन: खाली ऊब आहे, बर्फ सरकेल, पाणी येईल. पुष्कळ वर्षांनी एक धक्का बसतो आणि गाव नाचत बाहेर येतं, असा प्रसंग लिहिला. चांगला जमला.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. आईला हा प्रसंग फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "भूकंप झाला म्हणून गुळ वाटतेत व्हय गं? लिहिताना हात कसा चालला तुझा?"

तिचा राग रास्त आहे. प्रसंग तरीही ठेवला. फक्त गर्दीत एक म्हातारी टाकली, जी नाचत नाही आणि का नाचत नाही ते कोणाला सांगत नाही.

१६ फेब्रुवारी

छोटीच नोंद. पट्ट्यात झाडं जवळपास नाहीत, मग कागद कुठून येणार? नोंदवही कापडाची करायची. आमच्याच गावच्या संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहिलं, तर राहीच्या पणजीनं पातळ्या लिहायला काय हरकत आहे! कापडाचे फायदे बरेच. अंगावर घेता येतं, घडी पडते, घडीवरचा आकडा आधी पुसतो. नोंदवहीतले कोणते आकडे गहाळ व्हायचे ते आता घड्या ठरवतील.

६ एप्रिल

पहिला भाग सरांना वाचायला दिला होता. सर परभणीचे, मराठी शिकवून निवृत्त झालेले, विज्ञानकथेचे शत्रू. पाडव्याला निरोप आला, या म्हणून. आज गेले.

पहिला आक्षेप नावांवर. नायिका राही आणि सोपानच्या बायकोचं नाव रखमा. "बाई, तुम्ही नावातच निकाल लावून टाकला. विठोबाची आरती म्हणणारा कोणीही पहिल्या पानावर ओळखेल की पाटराणी कोण." बरोबर बोलले. रखमाची आता जना केली.

दुसरा आक्षेप मोठा. "जनाबद्दल तुम्हाला काही वाटत नाही. ती फक्त आडवी येण्यासाठी आणलीय." यावर वाद झाला. मी म्हटलं, गोष्ट राहीची आहे. ते म्हणाले, मग राहीलाच जनाबद्दल काय वाटतं ते तरी लिहा. चहा गार झाला. मला उत्तर सुचलं नाही आणि ते सरांना फार आवडलं.

२७ एप्रिल

मावशींचा मुलगा-सून परत आले. सुनेला भेटले. बारीक, हसरी, बोटांवर उसाच्या पातीचे काप. पाळीच्या दिवसांत काम थांबलं तर खाडा बसतो, म्हणून बायका काय काय करतात ते ती सहज सांगत होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, हे मी बातमी म्हणून वाचलं होतं. समोर बसून ऐकणं निराळं.

जनाच्या वाट्याला हे द्यायचं का? रात्रभर विचार केला. नाही द्यायचं. काही गोष्टी परग्रहावर नेल्या की शोभेच्या होतात. खाडा मात्र राहील, आणि जनाची बोटं.

एक मात्र त्यांच्याकडून कळलं ते कादंबरीचा शेवट ठरवणारं. हंगामाच्या मध्येच नवरा गेला तर उचल माफ होते का? मावशींनी माझ्याकडं असं बघितलं की हा प्रश्नच कसा सुचला. "माणूस जातंय, उचल कुठं जातीय? राहिल्याली बाई फेडती. न्हाईतर पुढच्या साली दुसऱ्यासंगं अर्धा कोयता लावती."

२० मे

जयंत नारळीकर गेले. पुण्यात, आज पहाटे. वर्गातल्या पोरांना त्यांचं नाव पाठ्यपुस्तकामुळं ठाऊक असतं. मला नेहमी वेगळीच गोष्ट मोठी वाटत आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी टोपणनावानं कथा पाठवली होती. जगात नाव झालेल्या शास्त्रज्ञाला मराठीत कथा लिहिताना नावाचा टेकू नको होता. आज काहीच लिहिलं नाही.

२२ जून

अडकलंय. सोपान मरायला हवा, पण कशानं? थंडी, अपघात, आजार, सगळं लिहून पाहिलं. थंडीनं मेला तर तो एकटा मरतो आणि वाचक त्याच्याभोवती रडत बसतो. मला त्याचं मरण टोळीच्या हिशेबात पाहिजे. ते होईपर्यंत मधली प्रकरणं टंकायला घेतली.

२४ सप्टेंबर

चार दिवस झाले, पाऊस थांबत नाही. ज्या मांजरा धरणाचा तळ २०१६ च्या उन्हाळ्यात भेगाळला होता, ज्याच्यामुळं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याचेच दरवाजे उघडावे लागलेत. तेव्हाची पहिली गाडी दहा टाक्यांची, पाच लाख लिटर. आज तेवढं पाणी नदीतून डोळ्याचं पातं लवेपर्यंत जात असेल.

बातम्यांत सोयाबीन दिसतं, वाहून गेलेली जनावरं दिसतात. मी काल केजच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या शेतावर गेले. तिथं पाणी ओसरलेलं होतं. शेत नव्हतं. काळी माती निघून गेलेली, खाली पिवळा मुरूम उघडा, त्यावर ठिबकच्या नळ्यांची गुंतवळ, आणि विहिरीच्या जागी कठड्यापर्यंत भरलेला गाळ. पोराचे वडील म्हणाले, "पाणी नव्हतं तवा निदान रान तरी व्हतं." मग माझ्या पायातल्या चपलेकडं बघून म्हणाले, "जपून या मॅडम, मुरूम टोचतोय."

यावर कादंबरीसाठी विचार करणं आज बरं वाटत नाही. पण डोकं थांबत नाही हेही खरं.

५ ऑक्टोबर

केला विचार. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं आणि तिस्तेच्या खोऱ्यात धरणासकट सगळं धुऊन नेलं. हिमनदीच्या तोंडाशी दगडगोट्यांचा किंवा बर्फाचा बांध असतो, मागं पाणी साठतं, बांध सुटला की संपलं. सोपानच्या फडामागं असंच तळं. वर्षानुवर्षं लाद्या कापून कापून बांध पातळ झालेला. मुकादमाला माहीत आहे, टोळीलाही माहीत आहे, पण कडेचा बर्फ कापायला सोपा आणि लादीमागं पैसे. तळं सुटतं. तहानेनं मरणाऱ्या ग्रहावर टोळी पाण्यात बुडते.

ते पाणी पट्ट्यापर्यंत पोचतंसुद्धा. राहीच्या विहिरीची पातळी पिढ्यांत पहिल्यांदा वर येते. तिला कारण माहीत नाही. ती आकडा दोनदा तपासते, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच शेऱ्याच्या रकान्यात आनंदानं काहीतरी लिहिते. सोपानची बातमी यायला अजून तीन वर्षं आहेत, म्हणजे आपला महिनाभर.

हे लिहून झाल्यावर उठून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या.

२ नोव्हेंबर

कालपासून यंदाचं गाळप सुरू. मावशींची सून गेली, ऊस आडवा पडलेला आहे तरी. आडव्या उसाची तोड जास्त जाचक, भाव तोच.

शेवटचं प्रकरण आज बसलं. जना एकटी परत येते आणि राहीच्या दारात उभी राहते. वाचकाला वाटणार, आता दोघी गळ्यात पडतील किंवा भांडतील. जना हिशेबासाठी आलेली आहे. उचलीतले किती फिटले याचा मुकादमानं लिहिलेला हिशेब तिला वाचता येत नाही, आणि गावात आकडे वाचणारी एकच बाई आहे. राही तिला ओळखते. जनालाही माहीत आहे की ही कोण.

सरांच्या एप्रिलमधल्या प्रश्नाला हे उत्तर पुरेल की नाही ते तेच सांगतील. राहीला जनाबद्दल काय वाटतं ते मी अजूनही एका वाक्यात लिहिलेलं नाही. ती बेरीज करते. खाडे जास्त लावलेत हे तिच्या ध्यानात येतं. मग संवाद असा:

"किती निघतेत?"
"लिहिलेत त्याच्या निम्मे."
"मंग निम्मेच फेडायचे?"
"मुकादम आला की मला बोलाव. तू बोलू नको."
"तुम्ही का येणार?"
"आकडे माझे आहेत."

हा तुकडा ठेवते. त्याच्या पुढची दोन पानं भरजरी झालीत, ती उद्या काढून टाकायची. सोमवारी सरांना प्रत द्यायची, आणि मावशींना विचारायचं की जास्तीचे खाडे मुकादम कागदावर नेमके लावतो कसे.